प्लास्टरच्या जबड्यातली ठमी

आमच्या समोरच्या दाराआड राहणारे भाऊजी दात करतात. काढत नाहीत, बसवत नाहीत, करतात. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं घेऊन त्यांच्याकडे पाठवतात. भाऊजी त्यावरून प्लास्टरचे जबडे ओततात, त्यावर मेण चढवतात, मेणात एकेक दात रोवतात आणि शेवटी अशी घासून-पुसून कवळी देतात की ती तोंडात घातल्यावर माणूस विनाकारण हसत सुटतो. चाळीस वर्षं हाच धंदा. अख्खी इमारत त्यांना ‘बत्तिशी’ म्हणते. तोंडावर नाही, तोंडावर सगळे ‘भाऊजी, भाऊजी’ करतात, जिन्याचं वळण ओलांडलं की ‘बत्तिशी’. हे नाव कुणी ठेवलं ते मला विचारू नका. मीच ठेवलं.

माणूस सोन्यासारखा, पण हाताला क्षणाची उसंत नाही. चहाचा कप पुढे ठेवला की आधी कपाच्या कानावरचा डाग अंगठ्याने घासणार, मग पिणार. आमच्याकडे वर्तमानपत्र वाचायला यायचे आणि जाताना आमच्या दाराची पितळी कडी लखलखीत करून जायचे. आमचे हे म्हणायचे, “रोज बोलाव त्यांना. येण्याआधी भांडी तेवढी बाहेर काढून ठेवत जा.”

बायको जाऊन आठ वर्षं झाली. एकुलती एक लेक लग्न करून लांबच्या शहरात, दिवसभराच्या प्रवासावर. काम आताशा कमी झालंय. मोठमोठ्या ठिकाणी यंत्रंच दात कोरून देतात, त्यामुळे भाऊजींकडे येतात ती जुन्या डॉक्टरांची जुनी तोंडं. आठवड्याला दोन कवळ्या, फार तर तीन. बाकीचा वेळ भाऊजी आपल्या कामाच्या खोलीत नुसते बसतात आणि जी वस्तू हाताला लागेल ती घासतात.

मागच्या वर्षी लेक आली तेव्हा तिने पहिल्याच दिवशी फ्रीज उघडला. आत मेणाच्या पट्ट्या, अर्धं लिंबू, आणि वरच्या कप्प्यात पाण्याच्या वाटीत बुडालेली एक कवळी.

“बाबा, संध्याकाळी काय जेवता तुम्ही?”

“बिस्किटं.”

“आणि सकाळी?”

“उरलेली.”

झालं. तीन दिवस समोरच्या घरात एकच विषय. भिंतीला कान लावण्याची माझी सवय नाही. आमच्या इमारतीच्या भिंतीच पातळ आहेत. लेक म्हणायची, “माझ्याकडे चला राहायला, इथे तुमचं काय अडलंय?” भाऊजी म्हणायचे, “अडलं नाही, म्हणूनच इथे आहे.” लेक म्हणायची, “एकटे आजारी पडलात तर?” भाऊजी म्हणायचे, “समोर वहिनी आहेत की. मी शिंकलो तरी त्यांना माझ्याआधी कळतं.” वहिनी म्हणजे मी. हे कौतुक होतं की टोमणा, याचा मी अजून निकाल लावलेला नाही.

चौथ्या दिवशी, निघायच्या तासभर आधी, लेक खाली कोपऱ्यावर गेली आणि एक कुंडी घेऊन आली. मुद्दाम मला हाक मारली. “काकू, या हो, साक्षीदार पाहिजे.”

कुंडीत होतं एक गुबगुबीत झाड. झाड कसलं, हिरव्या दगडातून कुणी गुलाब कोरावा तसा प्रकार. जाडजूड मांसल पानं एकात एक गोल रचलेली, रंग निळसर राखाडी, टोकांना पुसट गुलाबी छटा, आणि सगळ्यावर पावडर फासल्यासारखा पांढरट थर. त्याचं खरं नाव लेकीने सांगितलं, एचेव्हेरिया का कायसं. सांगताना तिचीच जीभ दोनदा अडखळली. मी म्हटलं, “एवढं कोण बोलणार? ठमी म्हणा. बघा कशी ठसठशीत बसलीय.” ठमीच नाव पडलं.

“बाबा,” लेक म्हणाली, “स्वतःकडे बघणं तुम्हाला जमत नाही. निदान हिच्याकडे बघून दाखवा. आठ महिन्यांनी मी येईन. ही ठणठणीत असली तर इथून हलण्याचा विषय माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही. नसली तर सामान बांधायचं. कबूल?”

“कबूल,” भाऊजी म्हणाले. “एवढंसं झाड ते. चाळीस वर्षं मी लोकांचे जबडे सांभाळलेत.”

“सोपी आहे ही. पाणी अगदी थोडं, ऊन भरपूर, आणि बाकी काहीही करायचं नाही. कळलं? काहीही करायचं नाही.”

पोरगी वेडीच म्हणायची. पाणी कमी घाला, जमलं असतं. ऊन द्या, तेही जमलं असतं. पण काहीही करू नका? त्यापेक्षा डोंगर आणा म्हणाली असती तर भाऊजींनी आधी तोच आणून दिला असता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक. उघडून बघते तर भाऊजी, हातात कुंडी, चेहऱ्यावर नवी कवळी पोचती करताना असतो तसला आनंद.

“वहिनी, बघा. आता बघा!”

मी बघितलं. ठमी चकाकत होती. पांढरट थराचा मागमूस नव्हता. एकेक पान हिरवंगार, तुकतुकीत, खिडकीचं प्रतिबिंब दिसावं असं.

“हे काय केलंत?”

“साफ केली! अहो, केवढी धूळ होती अंगावर. दुकानात किती दिवस पडून होती कोण जाणे. बारक्या मऊ ब्रशने पानापानाच्या खाचेतून काढली, मग चामड्याच्या तुकड्याने शेवटचा हात फिरवला. अडीच तास लागले. काय तेज आलंय, नाही?”

तेज आलं होतं यात शंका नाही. मीही काय तज्ज्ञ थोडीच? म्हटलं, “वा! अगदी नटीसारखी दिसते.” भाऊजींनी तिला नेऊन थेट दक्षिणेच्या खिडकीत, कडक उन्हात ठेवली. लेकीने सांगितलं होतं ना, ऊन भरपूर.

आठवडा झाला नसेल, ठमीच्या पाठीवर तपकिरी डाग उमटले. इस्त्री जास्त वेळ टेकली की कापडावर पडतो तसले. भाऊजी आले तेव्हा तोंड एवढंसं झालेलं. आम्ही दोघं तडक कोपऱ्यावरच्या रोपवाल्याकडे गेलो. हा रोपवाला म्हणजे कमरेला कात्री, तोंडाला कात्री. कुंडी हातात घेतली, उजेडात धरली, आणि भाऊजींकडे अशा नजरेने बघितलं की मीच दोन पावलं मागे सरले.

“हिला पुसली कुणी?”

“मी,” भाऊजी म्हणाले. “धूळ होती.”

“धूळ? साहेब, द्राक्षावर पांढरं असतं ते धूळ असते का? ती पावडर झाडाने स्वतः अंगावर आणलेली असते. उन्हापासून वाचायला. तुम्ही तिची छत्री काढून घेतलीत आणि वर उन्हात उभी केलीत.”

“पुन्हा येईल ना?”

“या पानांवर नाही. गेली ती गेली. नवी पानं येतील मधून, त्यांच्यावर असेल. तोवर हात खिशात घालून ठेवा.”

परत येताना भाऊजी जिन्यात थांबून म्हणाले, “वहिनी, चाळीस वर्षं जे जे हातात आलं ते चकचकीत केलं. चकचकीत केल्यामुळे बिघडलेली ही पहिलीच वस्तू.” मला हसायला येत होतं, पण त्यांचा आवाज ऐकून आवरलं. म्हणजे घरी जाईपर्यंत आवरलं.

*

आता खरं तर शहाण्या माणसाने गप्प राहायचं. पण अपराधी माणसाइतका धोकादायक कुणी नाही. उन्हाने भाजली म्हणून भाऊजींनी ठमीला सावलीत न्यायचं ठरवलं. सावलीत म्हणजे कुठे? तर त्यांच्या काचेच्या कपाटात, जिथे नमुन्याच्या कवळ्या मांडलेल्या असतात. वरच्या फळीवर अकरा कवळ्या आणि मधोमध ठमी. आणि भाजलंय म्हणून रोज पाणी. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी. “ताप आलेल्या माणसाला नाही का आपण पाणी पाजत?” असा त्यावर युक्तिवाद.

मी जाता-येता डोकावायची. महिना गेला, दोन गेले. ठमी वाढत होती. उंच होत होती. भाऊजी खूश. “बघा, मानेने कशी वर आली!” मान खरंच वर आली होती. घट्ट मिटलेला गुलाब सैल सुटून पानं अशी विखुरली होती की प्रत्येकाचं दुसऱ्याशी भांडण झालंय. देठ उघडा पडलेला आणि सगळी काचेकडे वाकलेली, जणू बाहेरच्या माणसाला विचारतेय, दादा, किती वाजले?

तिसऱ्या महिन्यात एके दुपारी भाऊजींनी मला बोलावलं. हाक मारली नाही, स्वतः येऊन उभे राहिले आणि नुसते म्हणाले, “जरा येता?” कपाट उघडलं तर वास आला. खालची चार पानं पिवळी, पाणी भरल्यासारखी पारदर्शक. भाऊजींनी एकाला बोट लावलं, तर ते गळून हातात आलं. देठाचा तळ काळा.

भाऊजी स्टुलावर बसले. खोलीत नजर फिरवली. ती घासायची मोटर, मेण वितळवायचा दिवा, भिंतीला लावलेल्या फळ्या, खिडकीजवळचा तो टेबलाचा कोपरा, जिथे कोपर टेकून टेकून लाकडाला खळगा पडलाय.

“हे सगळं खाली न्यायला किती खोकी लागतील हो?” त्यांनी विचारलं.

मला काय झालं कुणास ठाऊक. एरवी मी या माणसाची टिंगल करण्याची एकही संधी सोडत नाही. पण समोरच्या दाराला दुसरंच कुणाचं तरी कुलूप, जिन्यात अनोळखी चपला, हे डोळ्यासमोर आलं. मी म्हटलं, “खोकी राहू द्या. उठा. कुंडी उचला.”

रोपवाल्याने या वेळी कुंडी हातातही घेतली नाही. लांबूनच म्हणाला, “मुळं कुजलीत. अंधाऱ्या बंद कपाटात ठेवून पाणी पाजलंत ना?”

“तुम्हाला कसं कळलं?” भाऊजी चकित.

“दर आठवड्याला दोन जण येतात असले. आता एकच उपाय. डोकं उडवा.”

“कुणाचं?” मी विचारलं. त्याच्या कात्रीकडे बघून विचारणं भागच होतं.

“झाडाचं हो बाई. काळं चढलंय त्याच्या वर, चांगल्या हिरव्या देठावर कापा. वरचं डोकं चार-पाच दिवस कोरडं ठेवा, जखम वाळू द्या. मग कोरड्या, खडीवाळूच्या मातीवर नुसतं बसवा. मुळं सुटली तर सुटली. आणि खालची जी चांगली पानं आहेत ती बुडापासून हलकेच फिरवून काढा, मध्ये मोडायची नाहीत. तीही मातीवर पसरून ठेवा. नशीब असेल तर एकेका पानातून एकेक पोर येईल.”

“पानातून झाड?” भाऊजी म्हणाले.

“दातातून माणूस येत नाही, पण पानातून झाड येतं,” रोपवाला म्हणाला. भाऊजींचा धंदा त्याला कळला होता. ‘बत्तिशी’ हे नाव ठेवणारी आणि गावभर सांगणारी मी बाजूलाच उभी होते ना.

*

कापायला भाऊजींनी चाकू घेतला, ठेवला. बारीक करवत घेतली, ठेवली. पानं इतकी दाटीने की पातं आत शिरेना. शेवटी खणातून एक डबी काढली. दात साफ करायचा तो मेण लावलेला बारीक दोरा. देठाभोवती एक वेढा दिला, दोन्ही टोकं बोटांना गुंडाळली, श्वास रोखला आणि हळू आवळत नेला. कच्च असा एवढासा आवाज झाला आणि ठमीचं डोकं अलगद त्यांच्या तळहातावर बसलं. काप असा साफ की रोपवाल्यानेही टोपी काढली असती.

“चाळीस वर्षांत एवढं भारी काम केलं नाही,” भाऊजी म्हणाले.

डोकं एका रिकाम्या कपाच्या तोंडावर वाळत ठेवलं. मग पानं. प्रत्येक पान दोन बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे हलवायचं आणि बुडासकट सोडवायचं. सव्वीस निघाली. आता ठेवायची कुठे? पसरट भांडं नाही. भाऊजींनी इकडेतिकडे बघितलं, आणि फळीवरून जुने प्लास्टरचे जबडे उतरवायला सुरुवात केली. कुणी नेले नाहीत, कुणाची कवळी झाल्यावर राहून गेले, असे. जबड्याच्या मधल्या खोलगट भागात वाळू आणि बारीक खडी भरली आणि कडेने, जिथे दात असायचे तिथे, एकेक पान तिरकं टेकवलं. “प्लास्टर ओल ओढून घेतं,” मला समजावून सांगितलं, “कुजायचं भय कमी.” प्रथमच या माणसाला झाडाबद्दल काहीतरी बरोबर सुचलं होतं, आणि तेही दातांच्या बाजूने.

हे झालं शुक्रवारी. रविवारी लेकीचा फोन यायचा. चेहरा दिसणारा फोन. आणि दर रविवारी शेवटी ठरलेलं वाक्य: “बाबा, ठमी दाखवा.” आजवर काचेच्या कपाटातून लांबून दाखवत निभावलं होतं. आता काय दाखवणार? कपावर ठेवलेलं मुंडकं?

“सांगून टाकू का?” भाऊजी म्हणाले.

“खुळे झालात? मुळं सुटेपर्यंत तरी थांबा.” मी ते डोकं उचललं, मातीच्या कुंडीवर नुसतं टेकवलं, आणि भाऊजींना म्हटलं, “मागून दोन बोटांनी धरून ठेवा. मी शेजारी बसून फोन धरते.”

फोन आला. बोलणं झालं. “ठमी दाखवा.” दाखवली. भाऊजी मागे बसलेले, चेहरा लग्नाच्या फोटोतल्यासारखा ताठ.

“वा! छान आहे की. जरा फिरवा बघू, मागची बाजू बघू दे.”

भाऊजींनी मोकळ्या हाताने कुंडी फिरवली. कुंडी फिरली. दुसऱ्या हाताने धरलेली ठमी जागच्या जागी राहिली.

मग लेक सावकाश म्हणाली, “बाबा... कुंडी फिरली. झाड नाही फिरलं.”

“नेट अडकतंय गं!” मी ओरडले, आणि भाऊजींना कोपराने ढोसून तोंड उघडं ठेवून पुतळ्यासारखी थिजले. भाऊजींना कळायला क्षण लागला, पण मग तेही थिजले. एक डोळा अर्धा मिटलेला, असे. आम्ही दोघं दहा सेकंद तसेच.

“हॅलो? बाबा? काकू? अरेच्चा, अडकलंच खरं,” असं म्हणून तिने फोन ठेवला. आम्ही इतके हसलो की भाऊजींच्या हातातून ठमीचं डोकं माझ्या मांडीवर पडलं. त्याला काही झालं नाही. बहुतेक तिलाही मजा आली असावी.

*

आणि मग भाऊजी, लक्षात घ्या, काहीही न करायला शिकले. शिकले म्हणजे कसे? हात पाठीशी एकमेकांत गुंफून जबड्यांच्या रांगेसमोर उभे राहायचे आणि नुसतं बघायचे. पाणी घालायची ऊर्मी आली की माझ्या दारात यायचे. “वहिनी, घालू का?” “माती बोटभर खोल कोरडी आहे?” “नाही.” “मग चहा प्या.” अशाने महिन्याभरात माझी अर्धा किलो चहा पावडर संपली, पण झाडं वाचली. शिवाय रिकाम्या पोटी चहा मी पाजत नाही, त्यामुळे दोन घास रोज पोटात जाऊ लागले. फ्रीजमध्ये अंडी आली, पाव आला, आणि वाटीतली कवळी एकदाची मालकाकडे गेली.

तिसऱ्या आठवड्यात डोक्याला मुळं सुटली. हलकेच ओढून बघितलं तर ठमीने धरून ठेवलं. भाऊजी पायऱ्या उतरून खाली रोपवाल्याला सांगून आले आणि पायऱ्या चढून मला.

जबड्यांचं मात्र काही दिसेना. काही पानं कुजली, काही सुकून मनुका झाली, काहींना नुसतीच गुलाबी मुळं फुटली. आणि एके सकाळी भाऊजींनी भिंग हातात देऊन मला पुढे ढकललं. खालच्या जबड्याच्या डाव्या बाजूला, एका पानाच्या बुडाशी, मोहरीएवढा हिरवा ठिपका. नीट बघितलं तर ठिपका नव्हता; चार इवल्या पानांचा गुलाब. चार दिवसांनी शेजारी दुसरा. मग वरच्या जबड्यात तीन. बाळाला दुधाचे दात यावेत तसे ते जुने बोडके जबडे हिरवे फुटत चालले.

“दात यायला लागले हो!” मी जिन्यात ओरडले, आणि अख्खी इमारत बघायला लोटली. तिसऱ्या मजल्यावरची बाई, तळमजल्याचा शिंपी, पत्रं टाकणारा, सगळे. एक जुने दंतवैद्यही कवळी न्यायला आले आणि तासभर भिंग घेऊन बसले. जो तो विचारी, आम्हाला एक द्याल का? भाऊजी कमरेवर हात ठेवून विचारत, “तुमच्याकडे ऊन किती तास येतं?” उत्तर पटलं नाही तर चक्क नाही म्हणत. कापलेल्या जुन्या खोडालासुद्धा दोन कोंब आले. काळा भाग छाटून त्यालाही खडीत रोवलं होतं ना. एकूण पोरं एकोणीस.

सगळं छान. फक्त लेक यायला आठवडा उरला होता, आणि मूळची ठमी, म्हणजे तिचं डोकं, होतं केवढं? लिंबाएवढं. मधली नवी पानं झकास, पांढरी पावडर ल्यालेली. पण खाली अजून दोन भाजकी पानं लोंबत होती. आठ महिन्यांपूर्वी बशीएवढी दिलेली ठमी लिंबाएवढी परत मिळाली तर तिला ‘ठणठणीत’ कोण म्हणेल?

तेव्हा मी जे केलं ते कुणालाही विचारून केलं नाही. रोपवाल्याकडून बशीएवढी, पावडर फासलेली, गुलाबी टोकांची हुबेहूब ठमी आणली आणि लेक येणार त्या सकाळी भाऊजी आंघोळीला गेलेले बघून त्यांच्या खिडकीत ठेवली. चूक केली का? केली. पण समोरचं दार उघडं राहायला हवं होतं मला. माझा स्वार्थ. त्यांना चिडवल्याशिवाय माझा दिवस जात नाही.

भाऊजी बाहेर आले, खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बोलायला तोंड उघडलं तोच घंटी वाजली.

लेक आत आली. बॅग टाकली. सरळ खिडकीशी गेली. “बाबा! अहो, काय सुंदर ठेवलीत! पावडरसुद्धा जशीच्या तशी!” वळून बापाच्या खांद्यावर हात ठेवला. “हरले मी. आता तो विषय बंद. राहा तुम्ही इथेच.”

मी डोळ्यांनी भाऊजींना खुणावलं: गप्प बसा. हवं ते मिळालं, गप्प बसा.

भाऊजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला.

“ही ती नव्हे,” म्हणाले.

मी मनात कपाळावर हात मारला.

“म्हणजे?”

“ही आज सकाळी आली. कुठून आली ते वहिनींना माहीत. तुझी मी पुसली, भाजली, बुडवली, आणि शेवटी तिचं डोकं उडवलं. ये, दाखवतो.”

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. त्या छताला बघण्यासारखं काही नाही, तरी बराच वेळ बघितलं.

कामाच्या खोलीत गेल्यावर ती दारातच थबकली. खिडकीसमोर लांब फळी, फळीवर सात पांढरे जबडे, आणि जबड्याजबड्यांतून वर आलेले हिरवे-निळे इवले गुलाब. मधे कुंडीत लिंबाएवढी ठमी. शेजारी तिचं जुनं खोड, दोन डोकी घेऊन. भिंतीवर भाऊजींच्या अक्षरात कागद: कुठल्या जबड्याला शेवटचं पाणी कधी.

मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. पोरगी हसत होती. “बाबा, हे... हे हसतायत! सगळे जबडे हसतायत!” पुढे होऊन तिने एकाला हात लावायला बोट नेलं.

“बोट लावू नकोस!” भाऊजी एवढ्या जोराने ओरडले की ती दचकली. “पावडर जाते. लावायचं नाही. नुसतं बघायचं.”

“कोण बोलतंय बघा, काकू,” लेक म्हणाली. डोळे पुसत खाली बसली. बराच वेळ एकेक बाळ बघत राहिली. बाप प्रत्येकाची हकिगत सांगत होता: हा सगळ्यात आधी आला, हा अर्धा वाळला होता, याला मुळं आधी आणि डोकं नंतर.

शेवटी ती म्हणाली, “पैज तुम्ही हरलात. मी दिलेली होती तशी नाही राहिली.”

“हरलो,” भाऊजी म्हणाले. आवाज खाली गेला. “म्हटलंय तसं सामान बांधतो. पण ही सगळी बरोबर येणार. एकोणीस आणि मोठी. तुझ्याकडे खिडकी कुठल्या दिशेला?”

“एकच खिडकी आहे. समोर शेजारच्या इमारतीची भिंत.”

“ऊन किती तास?”

“ऊन? बाबा, आमच्याकडे दुपारी दिवा लावावा लागतो.”

भाऊजींनी मान हलवली. गेली आठ वर्षं या माणसाने तिथे न जाण्याची शंभर कारणं दिली असतील; पण एवढ्या गंभीरपणे एकही दिलं नव्हतं. “मग नाही जमायचं. महिन्याभरात माना लांब होतील. तुझ्याकडे राहता येणार नाही त्यांना.”

“आणि त्यांना सोडून तुम्हाला?”

भाऊजींनी फक्त जबड्यांकडे बघितलं.

लेक उठली. फ्रीज उघडून बघितला. अंडी, पाव, दूध, शिजवलेली भाजी. दोन-तीन वेळा उघडझाप केली, जणू कुठून तरी कवळी निघेल. मग कपाळावरचे केस मागे सारत म्हणाली, “हरलात ते हरलातच. पण ही पलटण घेऊन तुम्हाला हलवायची माझी छाती नाही. राहा. आणि तो कागद फोनवर पाठवत जा मला, दर रविवारी. ठमीची मागची बाजू नको. कुंडी आणि झाड वेगवेगळी फिरतात ते मी एकदा बघितलंय.”

मी म्हटलं, “म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं?”

“काकू, नेट अडकलं तरी तुमच्या मागचा पंखा गरगर फिरत होता.”

दोन दिवस राहून ती निघाली. जिन्यात उभी राहून बापाकडे एक बाळ मागितलं. भाऊजींनी चक्क नाही म्हटलं.

“बघा ना काकू, पोटच्या पोरीला एक रोपटं देत नाहीत!”

“आधी घर बदल,” भाऊजी वरून म्हणाले. “पूर्वेची खिडकी बघून घे. मग ये, सगळ्यात पहिलं जन्मलेलं तुला ठेवलंय.”

पोरीने घर शोधायला सुरुवात केलीय म्हणे. दर रविवारी खिडक्यांचे फोटो पाठवते. भाऊजी ते भिंगातून बघतात, सावल्या कुठे पडतात ते मोजतात, आणि नापास करतात. आतापर्यंत सहा घरं नापास झालीत.